डाळिंबाचे अंतरंग

राहात्याच्या बाजारात एक डाळिंब फोडून, त्याचे दाणे निरखून, जो व्यापारी साऱ्या ढिगाची बोली लावतो, त्याला त्या ढिगाचे ज्ञान प्रत्यक्षाने झाले नसून अनुमानाने झाले आहे, हे न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. आता हातात मावणारी प्रकाशसंवेदक यंत्रे आली आहेत. ती फळ न फोडता निकट-अवरक्त किरण सालीतून आत सोडतात आणि पाण्याने व शर्करेने त्यांतले किती शोषून घेतले ते परतलेल्या प्रकाशावरून ताडून गोडीचा आकडा देतात. पण म्हणून यंत्राला अंतरंग दिसले काय? धुरावरून अग्नी जाणण्यास जशी व्याप्ती, म्हणजे दोहोंचा अव्यभिचारी संबंध, लागते तशी याही आकड्यास लागते, आणि ती बसविण्यासाठी आधी पुष्कळ फळे पिळून त्यांचा रस रिफ्रॅक्टोमीटरवर तपासावा लागतो. एकाला अभय देण्यासाठी इतरांचा बळी, असाच हा मामला आहे.

शिवाय नैयायिक ज्याला उपाधी म्हणतात ती येथेही आडवी येते: अग्नीपासून धूर निघतो तो ओल्या सरपणाच्या अटीवर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या ‘भगवा’ डाळिंबाची जाड साल प्रकाशाला सहजी आत जाऊ देत नाही, आणि मृग बहाराच्या हंगामात बसविलेले गणित आंबे बहाराच्या हंगामात चुकू शकते. अनुमानच न मानणारा चार्वाक मात्र प्रत्येक फळ फोडून खातरजमा करील; त्याच्याजवळ विकायला काय उरेल, हे आडत्याने त्याला विचारावे.