फुकट मिळालेले आणि फुकट घेतलेले

गेल्या नाताळापूर्वी आमच्या मंडळीत पियानो वाजवणारी एक तरुणी माझ्याकडे एक प्रश्न घेऊन आली. उपासनेसाठी तिला एका हयात संगीतकाराच्या रचनेची स्वरलिपी हवी होती. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर ती विकत मिळत होती; अन्य एका ठिकाणी कोणीतरी तीच पाने परस्पर फुकट ठेवून दिली होती. "काका, ही पाने उतरवून घेतली तर चालेल का?" मी फारसा विचार न करता म्हणालो, "देवाच्याच कामासाठी आहे ना? घे." त्या उत्तराने पुढे कित्येक दिवस मला स्वस्थता लाभू दिली नाही.

इंटरनेटवर फुकट मिळणारे सारेच संगीत चोरीचे असते, असे मुळीच नाही. बाख १७५० साली निवर्तला, बेथोव्हेन १८२७ साली. त्यांच्या मूळ रचनांवर आज कोणाचीही मालकी उरलेली नाही. २००६ साली सुरू झालेल्या 'आय.एम.एस.एल.पी.' या इंटरनेटवरील ग्रंथालयात अशा जुन्या संगीताचे विपुल भांडार पियानोच्या विद्यार्थ्याला विनामूल्य खुले आहे. परंतु तेथेही विवेक लागतो. एका युरोपीय प्रकाशकाच्या कायदेशीर पत्रामुळे ते ग्रंथालय ऑक्टोबर २००७ मध्ये बंद पडले व जून २००८ मध्ये पुन्हा उघडले. कॅनडात त्या वेळी कर्त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी हक्क संपत असे, युरोपात सत्तर वर्षांनी. आपल्या देशात ही मुदत साठ वर्षांची आहे. शिवाय जुन्या रचनेची कोणी नवी मांडणी केली असेल, तर त्या मांडणीवरील हक्क निराळा असतो.

आपल्या कायद्याने खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत संगीतरचना सादर करण्यास मोकळीक दिली आहे. मात्र वाजवण्याची मोकळीक म्हणजे पानांच्या प्रती काढून वाटण्याची मोकळीक नव्हे. आणि कायदा काहीही म्हणो, ख्रिस्ती माणसाचा प्रश्न तेथे संपत नाही.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू आपल्या बारा शिष्यांना सांगतो की, जे मोल न देता मिळाले ते मोल न घेता द्यावे. त्या ठिकाणचा मूळ ग्रीक शब्द 'दोरेआन' म्हणजे 'देणगी म्हणून'. भाषांतराच्या कामात या अध्यायापाशी मी अनेकदा थांबलो आहे, तरी एक साधी गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. ही आज्ञा देणाऱ्याला आहे. घेणाऱ्याच्या हाती दिलेला तो परवाना नाही. दोनच वचनांनंतर तोच प्रभू कामकऱ्याचा त्याच्या पोषणावरील हक्क सांगतो. देणगी देणाऱ्याच्या इच्छेने होते. त्याने दिलीच नसेल, तर आपण जे घेतले त्याला देणगी कसे म्हणावे?

बाखच्या बालपणाची एक गोष्ट १७५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मृत्युलेखात आली आहे. थोरल्या भावाने संगीताची एक वही कपाटात ठेवली होती व ती या मुलाला नाकारली होती. त्याने ती जाळीतून गुपचूप काढून सहा महिने चांदण्याच्या उजेडात उतरवली. पुढे भावाने ती प्रत काढून घेतली. आपली सहानुभूती मुलाकडेच जाते, आणि ते स्वाभाविक आहे. पण निदान प्रत्येक स्वर लिहिताना, तो आधी दुसऱ्या कोणाला लिहावा लागला होता, हे त्याच्या बोटांना कळत होते. आज एका स्पर्शाने शंभर पाने येतात, आणि त्यांमागचे श्रम आपल्याला जाणवतही नाहीत.

कोणी म्हणेल, "आमची मंडळी गरीब आहे, परदेशी चलनातील किंमत कशी परवडावी?" ही अडचण खरी आहे. पण तिच्यावर प्रामाणिक उपायही आहेत. मुक्त झालेल्या रचना वाजवाव्यात. कर्त्याला पत्र लिहून परवानगी मागावी. वर्गणी काढून प्रती घ्याव्यात. गरज असली म्हणजे मागण्याची लाज वाटू नये. न मागता घेण्याची मात्र वाटावी.

"देवाच्या कामासाठी" हे माझे शब्दच मला अधिक बोचले. दाविदाला अरवनाने वेदीसाठी खळे व बैल देऊ केले असता त्याने ते फुकट घेण्याचे नाकारले आणि पन्नास शेकेल रुपे मोजले. आपल्याला ज्याची झळ लागली नाही, असे अर्पण त्याला देवापुढे नेववेना. तेथे तर देणारा राजी होता!

मी त्या तरुणीकडे जाऊन माझे उत्तर चुकले होते, असे सांगितले. तोवर नाताळ होऊन गेला होता. तिने एवढेच विचारले, "आता पैसे भरले तर चालतील ना?" जानेवारीत आम्ही दोघांनी मिळून त्या पानांची किंमत भरली. रक्कम मोठी नव्हती. नाताळच्या उपासनेत ते स्वर घुमले तेव्हा मात्र ती भरलेली नव्हती, आणि तो सल्ला माझा होता.