उणे असण्यात काय उणे?

‘आयुष्यात कधी कुणापुढे हात पसरला नाही’ असे एखाद्याविषयी आपण मोठ्या आदराने सांगतो. माणसाच्या थोरवीचा तो जणू शेवटचा दाखला. पण कुणाचीच गरज न लागणे म्हणजेच पूर्णत्व काय?

अणूचा संसार या बाबतीत पाहण्यासारखा आहे. मध्यभागी केंद्रक आणि भोवती इलेक्ट्रॉनांच्या कक्षा. या कक्षा ग्रहांच्या वाटांसारख्या आखीव नसतात, हे पुढे कळून आले. तरी हिशेबापुरती ती कल्पना पुरते. पहिल्या कक्षेत दोन इलेक्ट्रॉन, दुसरीत आठ. निऑनचे दहा त्यात नेमके मावतात. घर भरलेले, कुणाचे देणे नाही, कुणाकडून घेणे नाही. आर्गॉनच्याही बाहेरच्या कक्षेत आठच. रॅले आणि रॅम्झे यांना १८९४ साली तो हवेत सापडला, तेव्हा तो कशाशीच संयोग पावेना. म्हणून ‘आळशी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ठेवले गेले. आपण घेतो त्या हवेत शंभरात जवळजवळ एक भाग आर्गॉन असतो. येतो तसाच तो परत जातो.

सोडियमची मांडणी दोन, आठ, एक. क्लोरीनची दोन, आठ, सात. एकाकडे एक अधिक, दुसऱ्याकडे एक उणा. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन तर विषारी. १९१५ साली बेल्जममधील ईप्रच्या रणभूमीवर त्याने माणसे गुदमरून मारली. पण एकाने इलेक्ट्रॉन दिला, दुसऱ्याने घेतला, की होते मीठ. ज्याच्यावाचून आपली चकलीही अळणी!

मात्र म्हणून सोडियमला दानशूर ठरवू नये. त्याचा इलेक्ट्रॉन सुटायला ऊर्जा खर्चावी लागते. अखेरीस सारी जुळणी कमी ऊर्जेची, अधिक स्थिर होते, एवढेच. त्यात पुण्य नाही. पुण्याचा प्रश्न माणसापुढेच उभा राहतो, कारण ‘नाही’ म्हणण्याची मुभा त्याला आहे.

आणि ही मुभा आपण देण्यापेक्षा घेण्याच्या वेळीच अधिक वापरतो. देणाऱ्याचा हात वर राहतो. घेताना मान लवते. तेवढ्यासाठी कितीतरी भली माणसे आजारपण एकट्याने सोसतात, अडचण घरातच दडवतात, आणि तिला स्वाभिमान म्हणतात. पण क्लोरीनची ती एक जागा रिकामी नसती, तर सोडियमने द्यायचे कुणाला? मनमोकळेपणी घेणारा माणूस देणाऱ्यालाही काही देत असतो.

आर्गॉनच्याच कुळातल्या झेनॉनचेही संयुग नील बार्टलेट यांनी १९६२ साली कॅनडात घडवले. मग आपण कुठले इतके पूर्ण? दिवाळीत शेजारचे ताट येते, तेव्हा ‘आमच्याकडे सगळे आहे’ म्हणून ते कुणी दारातून परवत नाही. आपण ते घेतो, आणि रिकामे परत धाडत नाही. एवढी समज फराळाच्या ताटापुरतीच का ठेवावी?