सहा आठवड्यांच्या आत

मेढ्याहून साताऱ्याला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत एखादी बाई जागा रिकामी असूनही उभी राहते. कंडक्टर म्हणतो, "मावशी, बसा की, जागा हाय." ती म्हणते, "असू द्या दादा, बरी हाय उभी." खांबाला धरून, प्रत्येक खड्ड्याला ओठ दाबून ती तशीच साताऱ्यापर्यंत जाते. कुणी विचारलंच तर पाय आखडलेत म्हणून सांगते. सकाळी परसाकडला जाऊन आल्यापासून तिला काचेनं चिरल्यासारखं होत असतं आणि ती आग दुपारपर्यंत शमत नाही, हे तिनं नवऱ्यालाही सांगितलेलं नसतं आणि जावेलाही नाही.

आपल्याकडे शौचाच्या जागेचं कुठलंही दुखणं मूळव्याधीच्या खाती जमा होतं. रक्त दिसलं की मूळव्याध, हाताला कोंब लागला की मूळव्याध. यातल्या पुष्कळांना खरं तर फिशर असतं, म्हणजे गुदद्वाराच्या तोंडाशी पडलेली चीर. मूळव्याधीत आतल्या रक्तवाहिन्या फुगतात, रक्त जातं, पण दुखणं बहुधा बेताचं असतं. फिशर मात्र जीव नकोसा करतं. जुन्या चिरेच्या बाहेरच्या टोकाला कातडीचा छोटा कोंब वाढतो आणि सगळा घोटाळा तिथंच होतो. माणूस बाजारपेठेतल्या 'मूळव्याध, भगंदर, बिनाऑपरेशन खात्रीशीर इलाज' अशा पाटीकडे वळतो, इंजेक्शनं टोचून घेतो, पैसे घालवतो आणि चीर होती तशीच राहते.

ही चीर भरत का नाही, हे एकदा समजलं की निम्मी भीती जाते. गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात. बाहेरचं कडं आपल्या हुकमातलं. आतलं मात्र आपलं ऐकत नाही, ते आपणहून आवळतं नि सैल होतं. शौचाला खडा झाला, कातडी फाटली, की वेदनेनं हे आतलं कडं घट्ट आवळून बसतं. त्यामुळं तिथला रक्तपुरवठा घटतो. बहुतेक चिरा मागच्या बाजूला, बरोबर मध्यावर पडतात आणि तिथं मुळातच रक्त कमी पोचतं. रक्त नाही म्हणून जखम भरत नाही. दुखतं म्हणून माणूस जायचं टाळतो, टाळल्यानं खडा आणखी कडक होतो आणि दुसऱ्या दिवशी तीच चीर पुन्हा उकलते. असं सहा ते आठ आठवडे चाललं की डॉक्टर तिला जुनी चीर म्हणतात.

जावळी तालुक्यात या दुखण्याची मुळं मला रोजच्या जगण्यातच दिसतात. भातलावणीच्या दिवसांत वरून धो धो पाऊस, पिंढरीपर्यंत चिखल आणि दिवसभर कमरेत वाकलेली बाई. एवढ्या पाण्यात उभी असून ती पाणी पीत नाही, कारण प्यायलं की जायचं कुठं? सांगली जिल्ह्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावं इरेला पेटली, घरोघरी संडास झाले आणि बायकांचं अंधाराची वाट पाहणं पुष्कळ कमी झालं. हे फार मोठं काम झालं. पण संडास घराला मिळाला, शेताला नाही. दिवसाचे आठ-दहा तास जिथं जातात, तिथं आजही आडोसाच शोधावा लागतो. तिकडे मुंबईत माथाडी काम करणारा तिचा मुलगा गावकीच्या खोलीत राहतो. सकाळी एका संडासापुढं रांग असते, कामाची वेळ झालेली असते, आलेली कळ तो दाबतो आणि ओझी उचलायला निघतो. मायलेकांना एकच दुखणं जडतं आणि फोनवर दोघंही सांगतात, सगळं बरं आहे.

डॉक्टरकडे जायचं टाळण्यामागं तपासणीची धास्तीही मोठी असते. आधीच एवढं दुखतंय, त्यात बोट घालून तपासतील, नळी घालतील. फिशरचा संशय असेल तर जाणते डॉक्टर पहिल्या भेटीत असं काही करत नाहीत. कुशीवर झोपवून, कातडी हलक्या हातानं बाजूला करून बघितलं तरी चीर बहुधा दिसते. बाईला बाई डॉक्टर हवी असेल तर तसं बेलाशक सांगावं, त्यात संकोच कसला? मेढ्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात नुसतं 'पोट साफ होत नाही' म्हणून थांबू नये. दुखतं कधी, किती वेळ, रक्त थेंब थेंब जातं की मिसळून, हे सरळ सांगावं. रक्त मिसळून जात असेल, वजन उतरलं असेल, पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय एकाएकी बदलली असेल किंवा चीर मध्यावर नसून कडेला असेल, तर कारण वेगळं असू शकतं आणि पुढच्या तपासण्या कराव्याच लागतात.

उपचाराची सुरुवात घरातच होते. पसरट टबात बैठक बुडेल एवढं कोमट पाणी घ्यायचं, कोपर बुडवून सोसेल इतपतच गरम. त्यात मीठ नको, जंतुनाशक नको. शौचाहून आल्यावर त्यात दहा-पंधरा मिनिटं बसायचं. पहिली दोन मिनिटं चुरचुरतं, मग हळूहळू ते आपलं न ऐकणारं कडं ऊब लागून सैल पडतं आणि कित्येक तासांत पहिल्यांदा माणूस मोकळा श्वास घेतो. रात्री उत्तर गुजरातेतल्या ऊंझा-सिद्धपूरकडून येणारं इसबगोल, वर पेलाभर पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोल आतच घट्ट होऊन उलटा त्रास देतं, म्हणून पाण्यात कंजुषी नको. जेवणात पालेभाजी, घेवडा, कोंड्यासकट दळलेल्या पिठाची भाकरी. ताज्या चिरांपैकी पुष्कळ एवढ्यावर भरतात.

कांदा-लसूण मसाल्यावर पोसलेल्या आपल्या भागात तिखटाचा विषय काढणं जिवावर येतं, पण काढायला हवा. नागपूरचे शल्यचिकित्सक डॉ. प्रवीण गुप्ता यांनी ताज्या फिशरच्या रुग्णांना काही दिवस लाल मिरचीच्या आणि काही दिवस तशाच दिसणाऱ्या पण तिखट नसलेल्या कॅप्सूल दिल्या. कुठली कशाची हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. मिरचीच्या दिवसांत आग आणि दुखणं वाढलं. त्यांचा हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. जखम भरेपर्यंत तरी रश्शाची तर्री बाजूला ठेवावी.

जुन्या चिरेला मलम लागतं. डिल्टियाझेम हे रक्तदाबाचं आणि छातीत दुखण्यावरचं औषध, त्याचं २ टक्क्यांचं मलम आतल्या स्नायूला सैल करतं आणि रक्त पोचू देतं. नायट्रोग्लिसरीनचं मलमही हेच काम करतं, पण त्यानं अनेकांचं डोकं दुखतं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं हे सहा ते आठ आठवडे लावायचं असतं. लोक आठ-दहा दिवसांत दुखणं कमी झालं की ट्यूब ठेवून देतात आणि अर्धवट भरलेली चीर पुन्हा फाटते. माझी कळकळीची विनंती याच जागी आहे, ट्यूब अर्ध्यावर सोडू नका.

एवढ्यानंही भागलं नाही तर शस्त्रक्रिया आहे आणि ती भिण्यासारखी नाही. आवळून बसलेला आतला स्नायू थोडासा कापण्याची पद्धत १९५१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे शल्यचिकित्सक आयझेनहॅमर यांनी मांडली. नोटारस यांनी १९६९ मध्ये तो छेद बाजूनं, कातडीखालून घेण्याची रीत दाखवली. दहातले नऊहून अधिक रुग्ण तिनं बरे होतात. वायू रोखण्यावरचा ताबा काहींच्या बाबतीत थोडा कमी होतो, म्हणून बाळंतपणं झालेल्या बायकांत शल्यचिकित्सक जास्त जपून निर्णय घेतात. कधी कधी आधी बोटॉक्सचं इंजेक्शन देऊन पाहतात. त्याचा असर काही महिने टिकतो आणि तेवढ्यात चीर भरून येऊ शकते.

बाळंतिणीचा विचार मात्र सगळ्यांत आधी व्हायला हवा. बाळंतपणातला ताण, टाके, पुढं सहा महिने घ्यायच्या लोहाच्या गोळ्या, त्यात पोट सुटेल म्हणून काही घरांत अजून पाणी मोजून देतात. खडा होणारच. लोहाची गोळी सोडायची नाही, पाणी वाढवायचं. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई घरी येतात ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. बाळाचं वजन घेतात, ताप बघतात, पाजण्याचं विचारतात. शेवटची भेट ४२ व्या दिवशी, म्हणजे बरोबर सहा आठवड्यांनी, ताजी चीर जुनी होऊ लागते त्याच सुमाराला. सासूबाई पाणी तापवायला आत गेल्या असतील तेव्हा, तिसऱ्याच दिवशी, आशाताईंनी हळूच एवढं विचारावं, "शौचाला बसताना दुखतं का गं तुला?" ती "हो" म्हणाली, तर त्याच तापलेल्या पाण्यातलं थोडं टबात ओतून घ्यायचं आणि इसबगोलची पुडी मागवायची.