न मागितलेली कात्री

विज्ञानकथेने आपल्याला हुकूमशहा पुष्कळ दाखवले. भिंतीवरून डोळे वटारणारे, पुस्तकं जाळणारे, माणसांची नावं काढून घेऊन त्यांना क्रमांक देणारे. या सगळ्यांची एक सवय सारखी असते, ते हुकूम सोडतात. पण खोलीत हजरच नसलेला हुकूमशहा, आणि त्याची मर्जी काय असेल याचे अंदाज बांधत निमूट कामाला लागलेली चार शिकलीसवरलेली, स्वतःला उदारमतवादी म्हणवणारी माणसं, ही गोष्ट या कथाकारांना फारशी सुचली नव्हती. २०२३ साली ती त्यांच्या स्वतःच्या घरात घडली. तिचे पडसाद अजून विरलेले नाहीत.

घर म्हणजे ह्यूगो पुरस्कार. १९२६ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढणाऱ्या ह्यूगो गर्न्सबॅकच्या नावाने १९५३ पासून दिला जाणारा, विज्ञानकथा आणि फँटसीच्या दुनियेतला सर्वांत मानाचा पुरस्कार. त्याला परीक्षक मंडळ नाही. जागतिक विज्ञानकथा संमेलनाची, म्हणजे वर्ल्डकॉनची वर्गणी भरलेला कुणीही वाचक आधी नामांकन पाठवतो आणि नंतर अंतिम यादीवर मत देतो. कायमचं कार्यालय नाही, पगारी नोकर नाहीत. संमेलन दर वर्षी नव्या शहरात भरतं, आणि त्या वर्षीची आयोजन समिती मतमोजणीही करते. आपल्याकडच्या साहित्यसंस्थांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना या व्यवस्थेतली गोडी आणि धोका दोन्ही एकदमच कळतील. सगळा डोलारा विश्वासावर उभा. मोजणारा माणूस सरळ असेल हे गृहीतच.

२०२३ चं संमेलन चीनमधल्या चेंगदूला भरलं. यजमानपदासाठी २०२१ साली मतदान झालं तेव्हा चेंगदूने कॅनडाच्या विनिपेगला २००६ विरुद्ध ८०७ मतांनी हरवलं होतं. तेव्हाच पाश्चात्त्य चाहत्यांत कुजबुज सुरू झाली, की ही एवढी मतं आली कुठून? खरं तर आश्चर्य वाटण्यासारखं काहीच नव्हतं. चेंगदूहून निघणारं ‘सायन्स फिक्शन वर्ल्ड’ हे मासिक १९७९ पासूनचं आहे. १९८३ साली ‘वैचारिक प्रदूषणा’विरुद्ध सरकारी मोहीम निघाली आणि चिनी विज्ञानकथा जवळजवळ आडवी झाली, त्यातूनही हे मासिक तगलं. त्याच्या संपादिका यांग शाओ १९९० साली आठ दिवस रेल्वेने प्रवास करून हॉलंडमध्ये हेगला पोचल्या, कशासाठी, तर पुढल्या वर्षीची विज्ञानकथाकारांची आंतरराष्ट्रीय बैठक चेंगदूला भरावी म्हणून. ती भरलीही. पुढे २०१५ साली ल्यू त्सिशिनची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ ही ह्यूगो मिळवणारी आशियातली पहिली कादंबरी ठरली. तेव्हा वर्ल्डकॉन चेंगदूला गेलं ते कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. दोन-तीन पिढ्यांच्या वाचकांनी ते कमावलं होतं. त्यासाठी झाहा हदीद यांच्या वास्तुसंस्थेने तळ्याकाठी विज्ञानकथेचं एक आख्खं संग्रहालय उभारलं. ऑक्टोबरमध्ये सोहळा थाटात पार पडला. टी. किंगफिशर यांच्या ‘नेटल अँड बोन’ला सर्वोत्तम कादंबरीचा ह्यूगो मिळाला.

नामांकनांचे आकडे सहसा समारंभाच्या रात्रीच जाहीर होतात. नियमाने मुदत नव्वद दिवसांची. चेंगदूचे आकडे त्या मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी, २० जानेवारी २०२४ ला बाहेर आले. आणि ते पाहून लोक चक्रावले. आर. एफ. क्वांग यांची ‘बेबेल’ ही कादंबरी नेब्युला आणि लोकस हे दोन्ही पुरस्कार त्याच वर्षी घेऊन बसलेली. ह्यूगोच्या अंतिम यादीत तिचं नाव नव्हतं तेव्हाच भुवया उंचावल्या होत्या. आता दिसलं की तिला यादीत येण्याइतकी नामांकनं मिळाली होती, पण नावापुढे शेरा होता, ‘अपात्र’. कारण? दिलेलं नाही. नील गेमन यांच्या ‘सँडमॅन’ मालिकेचा एक भाग अपात्र. नवोदितांच्या अ‍ॅस्टाउंडिंग पुरस्कारासाठी शिरान जे झाओ अपात्र. चाहता-लेखक या विभागात पॉल वाइमर अपात्र. विचारणाऱ्यांना मुख्य प्रशासक डेव्ह मॅकार्टी यांनी एकच उत्तर दिलं: नियम तपासले, नियमांनुसार ही मंडळी पात्र नव्हती. कोणता नियम, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

फेब्रुवारीत मॅकार्टी यांच्या चमूतल्या डायॅन लेसी यांनी आपसातली ईमेल्स या प्रकरणाचा शोध घेणाऱ्या ख्रिस बार्कली आणि जेसन सॅनफर्ड या दोघांच्या हाती दिली. ती वाचताना अंगावर काटा येतो तो त्यातल्या क्रूरपणामुळे नव्हे. ती अतिशय कामसू, व्यवस्थित माणसांची पत्रं आहेत. नामांकित लेखकांच्या लिखाणात किंवा समाजमाध्यमांवरच्या बोलण्यात चीन, तैवान, तिबेट यांच्याबद्दल काही अडचणीचं आहे का ते शोधा, असं काम वाटून दिलं गेलं आणि अमेरिकेतल्या-कॅनडातल्या स्वयंसेवकांनी ते इमानेइतबारे केलं. एकेका लेखकाची टिपणं तयार झाली. ‘बेबेल’विषयी टिपण लिहिणाऱ्या व्यक्तीने कळवलं, की पुस्तकात चीनबद्दल बरंच आहे, पण मी ते वाचलेलं नाही आणि चिनी राजकारणातलं मला फारसं कळतही नाही. वाइमर यांच्या खात्यावर तिबेटचा प्रवास लिहिला गेला. गृहस्थ तिबेटला कधी गेलेच नव्हते, ते गेले होते नेपाळला!

नेपाळ आणि तिबेट यांतला फरक न कळणाऱ्यांनी चिनी सरकारला काय खपेल ते ठरवायचं, यातला विनोद बाजूला ठेवू. मुद्दा असा, की असा आदेश चिनी सरकारने दिल्याचा कागद त्या पत्रव्यवहारात कुठेही नाही. मॅकार्टी यांनी तर सरकारचा काही संबंध असल्याचं नाकारलंच. कात्री मागितली गेली होती की नाही ठाऊक नाही. ती धार लावून पुढे केली गेली हे मात्र कागदावर आहे. राजापेक्षा राजनिष्ठ ही जमात आपल्या ओळखीची आहे, पण तिला निदान राजाकडून काही मिळायचं असतं. इथे इनाम नव्हतं, वतन नव्हतं. स्थानिक चिनी आयोजकांवर काही बालंट येऊ नये, अशी काळजी काहींना वाटत होती, आणि ती मी खोटी मानत नाही. पण ती खरी असेल तर तसं सांगण्याचे मार्ग होते. पद सोडता आलं असतं. मोजणी दुसऱ्या कुणाकडे सोपवा म्हणता आलं असतं. ‘नियमांनुसार अपात्र’ हे खोटं लिहिण्याची सक्ती त्यांच्यावर कुणी केली होती?

आपल्याकडच्या एका स्पर्धेची आठवण इथे अपरिहार्य आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळाल्यावर उलगडा झाला, की ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी करून हे नाव घेणारे गृहस्थ म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. परीक्षकांपैकी कुणी अक्षर ओळखेल म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंच्या हाताने लिहून पाठवली होती. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हा हा किस्सा पुन्हा पुन्हा सांगितला गेला, बहुतेकदा त्यांच्या विनयाचा दाखला म्हणून. मला त्यात विनयापेक्षा शास्त्रज्ञाची शिस्त जास्त दिसते. निकालावर परिणाम करू शकेल असा प्रत्येक बाहेरचा घटक, मग ते स्वतःचं हस्ताक्षर का असेना, प्रयोगातून काढून टाकायचा, म्हणजे उरते फक्त कथा. चेंगदूच्या टिपणांत याच्या बरोबर उलट घडलं. कथा बाजूला राहिली आणि लेखकाचा पासपोर्ट तपासला गेला. तोही चुकीचा.

मराठी वाचकाने यावर फार नाकं मुरडू नयेत हेही खरं. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावून ऐनवेळी ‘येऊ नका’ असं आयोजकांनी कळवलं. कारण दिलं गेलं ते संमेलन उधळण्याच्या धमकीचं. तिथे निदान धमकी होती.

चेंगदूच्या प्रकरणात पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी मथळे केले ते ‘चिनी सेन्सॉरशिप’ असे. मला ते सोयीस्कर वाटतात. कारण त्याच ईमेल प्रकरणातला दुसरा भाग त्यामुळे झाकला जातो. लेसी यांनी सांगितलं, की एका चिनी प्रकाशनाने आपल्या वाचकांसाठी शिफारस-यादी छापली होती, म्हणून त्या यादीबरहुकूम आलेली नामांकनं संगनमत ठरवून बाद करण्यात आली. आता हे २०१५ शी ताडून पाहा. त्या वर्षी अमेरिकेतल्या ‘सॅड पपीज’ आणि ‘रॅबिड पपीज’ या उजव्या गटांनी उघड उघड याद्या काढून नामांकनांवर कब्जा केला होता. लोक संतापले, पण एकाही मताला हात लागला नाही. मतं मोजली गेली, आणि उरलेल्या सभासदांनी पाच विभागांत ‘कुणालाच पुरस्कार नको’ असं बहुमताने ठरवून हिशेब चुकता केला. पुढे मोजणीची पद्धतच बदलली. म्हणजे अमेरिकन वाचकांनी यादी पाहून नामांकन दिलं तर तो राजकीय डाव, आणि त्याला तोंड द्यायचं मतपेटीतून. चिनी वाचकांनी दिलं तर तो गुन्हा, आणि शिक्षा गुपचूप. ज्यांच्या शहरात पाहुणे म्हणून गेलो, त्यांचीच मतं केराच्या टोपलीत! यासाठी बीजिंगकडे बोट दाखवता येत नाही.

चेंगदूच्या पुढच्या वर्षी, २०२४ ला, ग्लासगोच्या संमेलनाने उलट टोक गाठलं. एकूण ३८१३ मतांपैकी ३७७ मतं एकाच स्पर्धकाच्या बाजूने, बनावट नावांनी आल्याचं दिसलं. काही नावं तर आकड्यांची क्रमाने भाषांतरं करून बनवलेली. समितीने ती मतं बाद केली. फरक एवढाच, की निकालाच्या आधी, जुलैतच, तसं जाहीर निवेदन काढलं आणि किती मतं, कोणत्या कारणाने, हे सांगितलं. त्या स्पर्धकाचा यात हात असल्याचा पुरावा नाही म्हणून त्याचं नाव तेवढं उघड केलं नाही. कात्री ग्लासगोनेही चालवलीच. पण दिव्याखाली चालवली.

बरं, यातून सगळे शहाणे झाले म्हणावं तर २०२५ ला सिॲटलचं संमेलन. परिसंवादांत बोलू इच्छिणारे तेराशेहून अधिक अर्जदार. त्यांच्या पूर्वेतिहासात काही भानगडी आहेत का हे पाहायला आयोजकांनी नावं चॅटजीपीटीला घातली. पुन्हा तीच टिपणं, फक्त नेपाळ-तिबेटची चूक करायला आता माणूसही लागणार नव्हता. ज्यांच्या पुस्तकांवर ही यंत्रं परवानगीवाचून पोसली गेली, त्या लेखकांचीच झडती त्यांच्याकडून! गदारोळ झाला, माफी मागितली गेली, छाननी माणसांकडून पुन्हा करून घेतली, ह्यूगोचे तीन प्रशासक राजीनामा देऊन मोकळे झाले. यून हा ली यांनी स्वतःच्या कादंबरीचं नामांकन मागे घेतलं.

चेंगदूचं म्हणाल तर मॅकार्टी यांच्यावर ठपका ठेवला गेला आणि त्यांनी पद सोडलं. शिरान जे झाओ यांच्या पात्रतेची मुदत वाढवून मिळाली आणि ग्लासगोत अ‍ॅस्टाउंडिंग पुरस्कार त्यांनाच मिळाला. पॉल वाइमर यांनाही त्याच समारंभात चाहता-लेखकाचा ह्यूगो मिळाला. इंग्रजी वाचकांच्या लाडक्यांची अशी भरपाई झाली. ज्या चिनी लेखकांची नावं त्या बाद नामांकनांत होती, त्यांच्यासाठी कुणी मुदत वाढवली नाही, आणि २०२३ चा निकाल आहे तसाच कायम आहे.