परतवारी

आमच्या शेजारी एक निवृत्त तहसीलदार राहतात. यंदा भाद्रपदात ते युरोपची सहल करून आले. बारा दिवसांत सहा देश! आल्यावर त्यांनी आम्हां उभयतांना चहाला बोलावले, मुलांसाठी चॉकलेटे दिली आणि मग तासभर छायाचित्रे दाखविली. प्रत्येक छायाचित्रात मागे एखादा मनोरा किंवा कारंजे आणि पुढे स्वतः तहसीलदारसाहेब. शेवटी त्यांनी सहज विचारले, "मास्तर, यंदा तुमचा कुठे प्रवास?"

"मी इराणला जाऊन आलो," मी म्हणालो.

साहेबांचा कप बशीत खडखडला. माझ्या पत्नीने लगेच खुलासा केला, "अहो, कसले इराण! वाचनालयात सिनेमा पाहून आलेत."

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी परतल्यावर तो विनोद माझ्याच मनात सलू लागला. सिनेमा पाहण्याला प्रवास म्हणावे काय? आणि म्हणायचे झाले, तर त्या प्रवासाचे काही देणे लागते काय?

आमच्या गावात काही हौशी मंडळींनी चित्रपट मंडळ काढले आहे. महिन्यातून एका शनिवारी वाचनालयाच्या दिवाणखान्यात पडदा लागतो आणि पंधरा-वीस माणसे परमुलखाला निघतात. अशा रीतीने मी रोमच्या रस्त्यांतून चोरीला गेलेली सायकल शोधत एका बापलेकाबरोबर हिंडलो आहे. तो डी सिकाचा १९४८ सालचा ‘बायसिकल थीव्ह्ज’. १९५२ साली मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा आपल्याकडच्या लोकांनी तो पाहिला आणि कितीकांची झोप उडाली. ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’त (१९५३) मी म्हाताऱ्या आईबापांबरोबर मुलांच्या दारी गेलो. मुले वाईट नव्हती, त्यांना फक्त वेळ नव्हता. त्या रात्री मी गावी आईला फोन केला.

तरीही एक आक्षेप मला मान्य करावाच लागतो. खऱ्या प्रवासात अंग झिजते, पाण्याची चव बदलते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे परमुलखात आपण परके असतो आणि तिथली माणसे आपल्याला न्याहाळतात. आपल्या वागण्याची परीक्षा होते. सिनेमात मात्र आपण अंधारात बसून दुसऱ्याचे घर, भांडण, अश्रू सारे पाहतो, आणि आपल्याला कोणीच पाहत नाही. दोन थेंब डोळ्यांतून गाळले की आपण मोठे सहृदय झालो, असे स्वतःलाच प्रशस्तिपत्र देऊन घरी येतो. इतकी स्वस्त यात्रा मनाला खोटी चटक लावील, अशी भीती मला कैकदा वाटली आहे.

आषाढी होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा मी तो इराणचा चित्रपट पाहिला. अब्बास कियारोस्तामीचा, १९८७ सालचा. नावाचा अर्थ ‘मित्राचे घर कुठे आहे?’ गोष्ट एवढीशी. कोकेर नावाच्या खेड्यातली शाळा. एका मुलाने गृहपाठ वहीत न करता सुट्या कागदावर केला आहे. गुरुजी तो कागद फाडतात आणि बजावतात, की पुन्हा असे झाले तर शाळेतून काढून टाकीन. मुलगा रडतो. त्याच्याशेजारी बसणारा आठ वर्षांचा अहमद घरी येऊन दप्तर उघडतो, तो मित्राची वही चुकून आपल्याकडेच आलेली! मित्र राहतो टेकडीपलीकडच्या पोश्ते गावात. अहमद आईला परोपरीने सांगतो, ती म्हणते आधी अभ्यास कर. आजोबा त्याला वाटेत अडवून सिगारेटी आणायला पिटाळतात. सिगारेटी त्यांच्या खिशात असतात, पोराला आज्ञाधारकपणाचे वळण लागावे म्हणून हा खटाटोप! ते पोर मात्र वही छातीशी धरून टेकडीच्या नागमोडी वाटेने पळत राहते.

आता एक कबुली देतो. गुरुजींनी तो कागद फाडला, तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या मान डोलावली होती. वळण हवेच, वही हवीच! वीस वर्षे मी हेच सांगत आलो आहे. पण त्या मुलाबरोबर टेकडी चढता चढता माझी मान खाली गेली. सातवीतला एक मुलगा तीन दिवस गणिताची वही दाखवीत नव्हता, म्हणून त्याच शुक्रवारी मी त्याला तासभर वर्गाबाहेर उभे केले होते. का दाखवीत नाहीस, हे मी विचारले होते. पण ज्या आवाजात विचारले, त्या आवाजाला कोणते मूल उत्तर देईल?

अहमदला मित्राचे घर सापडत नाही. रात्री तो दोघांचाही गृहपाठ स्वतःच करतो आणि दुसऱ्या दिवशी वही वेळेवर मित्रापुढे सरकवतो. गुरुजी वही पाहतात, शाबासकी देतात आणि पुढे जातात. एवढी टेकडी कोणी ओलांडली, हे त्यांना कधीच कळत नाही. न कळल्यामुळे ते सुटले. पण मी तर सारे पाहिले होते! मला सुटका नव्हती.

सोमवारी मी त्या मुलाला वर्ग सुटल्यावर थांबविले, शेजारी बसवून घेतले आणि वही मागितली. बराच वेळ त्याने दप्तराचा पट्टा पिळला. मग गेल्या वर्षीच्या वह्यांतली उरलेली पाने सुईदोऱ्याने शिवून केलेले एक चोपडे काढले. गणिते सगळी सोडविलेली होती. इतर मुले हसतील म्हणून तो ते दाखवीत नव्हता. मी त्यावर लाल शाईने सही केली. माफी मागण्याचे धैर्य मात्र मला त्या दिवशी झाले नाही. ते यायला आणखी आठवडा गेला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे कोणी म्हणेल. म्हणो. तो वळसा घेतल्याखेरीज काखेतला कळसा दिसत नाही, असा माझा अनुभव आहे.

त्या कोकेरच्या मुलुखात जून १९९० मध्ये भयंकर भूकंप झाला. हजारो माणसे गेली. आपली ती दोन मुले वाचली की नाही, हे शोधायला कियारोस्तामी तिकडे गेला आणि त्या शोधावरच त्याने १९९२ साली दुसरा चित्रपट काढला. मुले वाचली होती. १९९४ च्या तिसऱ्या चित्रपटात ती दिसतात. मला त्याच्या कलेइतकेच त्याचे हे परत जाणे मोठे वाटते. चित्र काढून झाले, बक्षिसे मिळाली, आता त्या गावाशी माझा काय संबंध, असे त्याने म्हटले नाही.

पंढरीला निघालेल्या पालखीला लोक हार घालतात, रांगोळ्या काढतात. आषाढी झाल्यावर तीच माणसे पायी माघारी येतात, तिला परतवारी म्हणतात. तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. पण विठोबाचे दर्शन घेऊन आलेला माणूस घरच्यांशी कसा वागतो, हे त्या परतवारीनंतरच कळायचे. सिनेमाचा प्रवास खरा की खोटा, हे मी आता पडद्याला विचारीत नाही. दिवे लागल्यावर जो रस्ता घराकडे जातो, त्याला विचारतो.

तहसीलदारसाहेबांना मी दिवाळीच्या फराळाला बोलावले आहे. छायाचित्रे माझ्याजवळ नाहीत. फार तर त्या नागमोडी वाटेबद्दल सांगेन.