रोमला जाणाऱ्याचा अधिकार

वेदान्ताच्या ग्रंथात विषयाला हात घालण्याआधी चार गोष्टी स्पष्ट कराव्या लागतात: अधिकारी कोण, विषय कोणता, त्यांचा संबंध काय आणि प्रयोजन काय. या चौकटीला अनुबंधचतुष्टय म्हणतात. मराठीत अद्वैत मांडणाऱ्या आद्य ग्रंथकाराची, मुकुंदराजांची, समाधी बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला आहे; त्यांच्या ‘विवेकसिंधू’चे परंपरेने मानलेले वर्ष शके 1110, म्हणजे इसवी सन 1188. त्यामुळे बीड जिल्ह्यातून युरोपच्या सहलीला निघणाऱ्या माणसाला ही चौकट परकी नाही. त्याच्या हातात सहल कंपनीने दिलेला कागद असतो. शेंगेन व्हिसा, युरो, प्लगचा ॲडॉप्टर, गर्दीतले खिसेकापू हे सगळे त्यावर असते, आणि रोमच्या दिवशी आणखी एक सूचना असते: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सामानाच्या यादीत ही ओळ सहज वाचून सोडली जाते. खरा प्रश्न मात्र तिथूनच सुरू होतो. दुसऱ्या धर्माच्या जागत्या क्षेत्रात, ती श्रद्धा नसलेला माणूस कोणत्या अधिकाराने उभा राहतो? माझे म्हणणे असे की हा अधिकार श्रद्धेने मिळत नाही आणि तिकिटानेही मिळत नाही. निघण्यापूर्वी केलेल्या जिज्ञासेने तो मिळतो.

रोमच्या पोटातच व्हॅटिकन हे 1929 पासूनचे स्वतंत्र राष्ट्र आहे. तिथल्या सेंट पीटरच्या महामंदिरात पीटरची ब्राँझची बसलेली मूर्ती आहे. शतकानुशतके यात्रेकरूंनी हात लावून आणि ओठ टेकवून तिच्या उजव्या पायाची बोटे झिजून गेली आहेत. ज्याने परळीत वैजनाथाच्या पिंडीला स्वतःच्या हाताने स्पर्श केला आहे, त्याला ती झीज कुणी समजावून सांगावी लागत नाही. देव डोळ्यांना दिसला तरी हाताची ओढ उरते, हे त्याला ठाऊक असते. रोममधल्या लॅटरन चर्चजवळच्या ‘स्काला सांता’ या जिन्याला 28 पायऱ्या आहेत. येशू रोमन सुभेदार पिलाताच्या वाड्यात याच पायऱ्या चढला अशी श्रद्धा आहे, म्हणून भाविक त्या फक्त गुडघ्यांवर चढतात. नवस फेडायला लोटांगण घालत जाणारी माणसे आपण पाहतो. युरोप म्हणजे विज्ञान आणि यंत्रे, भक्ती काय ती आपल्याकडे, असा समज घेऊन रोमला उतरणाऱ्याला या पायऱ्यांचा अर्थच लागणार नाही. तो त्यांचा फोटो काढून पुढे जाईल.

यावर पहिला आक्षेप असा की मायकेलअँजेलोने रंगवलेले सिस्टिन चॅपेलचे छत साऱ्या मानवजातीचे आहे. तिकीट काढले, पाहिले, धर्माशी काय देणेघेणे? कला सर्वांची आहे हे मला मान्य आहे. पण मे 2025 मध्ये नव्या पोपची निवड त्याच सिस्टिन चॅपेलमध्ये, त्याच छताखाली झाली. म्हणजे ते छत संग्रहालयात आहे आणि उपासनेतही आहे. पँथिऑनचे तसेच. रोमन देवतांचे हे मंदिर 609 साली चर्च झाले. आज आत जायला तिकीट लागते आणि तिथे प्रार्थनाही होते. अंबाजोगाईच्या हत्तीखाना लेण्यात मोकळेपणाने फिरणारा माणूस तिथल्याच योगेश्वरी देवीच्या गाभाऱ्यासमोर आपसूक आवाज खाली आणतो. दोन्ही वास्तू प्राचीन आहेत, फरक तिथे आज काय चालते याचा आहे. तिकीट दार उघडते, हा फरक ते सांगत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे आणि म्हणून अधिक अवघड. देव एकच आहे, हात जोडले की झाले, आधी शिकायचे ते काय? यातले औदार्य खरे आहे, पण ते घाईचे आहे. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना वेदीजवळ लोक रांगेने जातात आणि धर्मगुरू प्रत्येकाला एक पातळ चकती देतात. परळी-पंढरपूरला वाढलेला हात तिथे आपोआप पुढे होईल, कारण प्रसाद नाकारायचा नसतो ही आपली शिकवण. कॅथलिकांसाठी मात्र ती चकती साक्षात ख्रिस्ताचे शरीर आहे, आणि ती घेण्यासाठी त्या मंडळीचा बाप्तिस्मा झालेला सभासद असावे लागते. नैवेद्याच्या ताटातला पेढा आणि ती चकती एकच समजणे म्हणजे त्यांची श्रद्धा न ऐकताच मान डोलावणे. सगळे एक आहे हे अद्वैताचे शेवटचे विधान आहे. ते विवेकाच्या वाटेने गाठायचे असते, आणि विवेक म्हणजे आधी भेद नीट पाहणे. रांगेत न जाता जागेवर बसून राहणाऱ्याने त्या श्रद्धेचा मान जास्त राखलेला असतो.

तिसरा आक्षेप इतिहासाचा, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पोर्तुगीज राजवटीत 1567 मध्ये गोव्याच्या सासष्टीतली देवळे पाडली गेली. गोव्यातले इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, 1560 मध्ये सुरू झाले आणि 1812 मध्ये कायमचे बंद झाले. त्या सत्तेच्या धर्मपीठापुढे आदराने का उभे राहावे? मला वाटते, हे माहीत असणे हासुद्धा अधिकाराचाच भाग आहे. विसरून दिलेल्या आदराला किंमत नसते. सेंट पीटरमध्येच 12 मार्च 2000 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या नावाने चर्चच्या माणसांनी केलेल्या हिंसेबद्दल क्षमा मागितली. त्या प्रार्थनेत गोव्याचे नाव नव्हते, ही उणीव उरतेच. पण याच रोममध्ये 1575 साली थॉमस स्टीफन्स हा इंग्रज तरुण जेझुइट धर्मसंघात दाखल झाला, 1579 मध्ये गोव्यात आला आणि मराठी शिकला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, तो मला पटत नाही. तरीही परक्याच्या दारात जायचे तर त्याची भाषा आणि त्याचा छंद शिकून जावे लागते, ही त्याची मेहनत मी नाकारू शकत नाही. प्रसाराचा हेतू नसलेल्या प्रवाशाने त्याच्याहून कमी का शिकावे?

आणि असे शिकल्याने आपला धर्म सुटत नाही, याचा पुरावा बीड शहरातच आहे. महादजी शिंदे यांनी बीडचे सूफी फकीर मन्सूरशहा यांना गुरू मानले. महादजी हिंदूच राहिले आणि शिंदे घराण्यात त्या फकिराविषयीची भक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. रोममध्ये कुणी इतके जवळ जावे अशी अपेक्षाच नाही. स्काला सांताच्या दोन्ही बाजूंना साधे जिने आहेत. ज्याला गुडघ्यांवर चढायचे नाही, त्याने त्या जिन्यांनी चालत वर जावे. वरचे उपासनागृह त्यालाही पाहता येते.