छायाचित्र काढणें ही सेवा होऊं शकते काय?

दुसऱ्याचा चेहरा टिपून घेणें हें परोपकाराचें काम आहे कीं नुसती हौस आहे, हा प्रश्न आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस पूर्वीं पडला नसता. छायाचित्र ही लग्नांतली किंवा शहरच्या दुकानांतली गोष्ट होती. आतां ज्याच्या त्याच्या खिशांतील फोनांत कॅमेरा आहे. उपदेशक असो, शाळामास्तर असो कीं बाहेरून आलेला पाहुणा असो, जो तो शेजाऱ्याचें चित्र घेतो व घटकेंत दूरवर पाठवितो. म्हणून या गोष्टीचा विचार करणें अगत्याचें झालें आहे असें आम्हांस वाटतें.

धारूर तालुक्यांतील तेलगांवचेंच उदाहरण घेऊं. तेथें सहकारी साखर कारखाना आहे. तरी बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊंस तोडण्यास जातात. मुकादमाच्या हिशेबांत नवराबायको मिळून एक 'कोयता' होतो. दोन जिवंत माणसें, आणि त्यांस नांव हत्याराचें! अशा माणसांचा चेहरा कोणी आदरानें टिपला व त्याखालीं त्यांचें नांव लिहिलें, तर कोयत्याचीं पुन्हां माणसें होतात. हा छायाचित्राचा उपकार लहान नव्हे. कित्येक घरीं मृत आईचें एकहि चित्र नसतें. मग ओळखपत्रावरील नखाएवढी छबी मोठी करवून भिंतीवर लावावी लागते, आणि तीहि सरकारी कॅमेऱ्यापुढें बावरलेल्या चेहऱ्याची.

परंतु चेहरा टिपणारे सर्वच आदरानें टिपतात असें नाहीं. इ. स. १८६८ पासून १८७५ पर्यंत इंग्रज सरकारच्या आश्रयानें 'द पीपल ऑफ इंडिया' या नांवाचे आठ खंड निघाले. त्यांत आपल्या लोकांचीं शेंकडों चित्रें आहेत. पण बहुतेकांखालीं जातीचें किंवा जमातीचें नांव आहे, माणसाचें नाहीं. झाडपाल्याचे नमुने वहींत चिकटवावे तसेंच तें. आपल्या मिशनांसहि या बाबतींत अगदीं निराळें म्हणतां येणार नाहीं. १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांत हाडें मोजतां येतील अशा मुलांचीं चित्रें परदेशच्या ख्रिस्ती पत्रांतून छापलीं गेलीं. त्यांमुळें पैसा आला, धान्य आलें, मुलें वांचलीं. हें आम्ही कृतज्ञतेनें कबूल करितों. तरी त्यांचीं नांवें क्वचितच छापलीं गेलीं. ज्या पोरानें आपल्या बरगड्या दाखवून इतर शंभरांस भाकर मिळवून दिली, त्याला कोणी कांहीं विचारलें होतें काय?

कोणी म्हणेल, उपाशी माणसाला काय विचारावयाचें? आधीं पोट भरूं द्या. या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि तें सहज टाकून देतां येत नाहीं. म्हणून एक प्रसिद्ध हकीकत थोडी विस्तारानें सांगतों.

इ. स. १९३६ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं निपोमो गांवाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ पडला होता. हेहि आपल्या ऊंसतोड्यांसारखेच, पिकामागून हिंडणारे लोक. थंडीनें पीक गेलें व मजूर उपाशी राहिले. डोरोथिया लँग या बाई सरकारी खात्यासाठीं चित्रें घेत हिंडत होत्या. त्यांनीं तेथें मुलांसह बसलेल्या एका आईचीं कांहीं चित्रें घेतलीं, आणि तिचें नांव न विचारतांच त्या निघून गेल्या. चित्र वर्तमानपत्रांत येतांच सरकारनें त्या तळावर वीस हजार पौंड अन्न धाडलें. पण तोंवर ती आई मुलाबाळांसह पुढच्या गांवीं गेलेली होती! पुढें तेंच चित्र जगभर गाजलें. इ. स. १९७८ सालीं त्या आईचें नांव लोकांस कळलें: फ्लोरेन्स थॉम्पसन. आपलें चित्र घेतलेंच नसतें तर बरें झालें असतें, त्यापासून आपणांस एक पैहि मिळाली नाहीं, असें तिनें सांगितलें. गंमत अशी कीं, १९८३ सालीं ती आजारी पडली तेव्हां तिच्या मुलांनीं लोकांस विनंती केली, व त्याच चित्राच्या ओळखीवर सुमारें पस्तीस हजार डॉलर तिच्या औषधपाण्यासाठीं जमले. म्हणजे सेवा झाली. पण सत्तेचाळीस वर्षांनीं, आणि नांव कळल्यावर.

याच देशांत लुइस हाइन नांवाचे गृहस्थ १९०८ पासून गिरण्यांत व खाणींत राबणाऱ्या मुलांचीं चित्रें घेत असत. ते मुलाचें नांव व वय विचारून घेत, त्याची उंची आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून अजमावीत, आणि खिशांतल्या वहींत टिपून ठेवीत. त्यामुळें तीं चित्रें साक्ष म्हणून उभीं राहिलीं. मुलांस कामाला लावण्यावर बंधन घालणारा कायदा १९३८ सालीं झाला त्याला तीं उपयोगी पडलीं. मालक दारांतून आंत घेत नसत, म्हणून हे गृहस्थ कधीं कधीं बायबल विकणारा म्हणून आंत शिरत असें सांगतात. आमच्या ग्रंथविक्या बंधूंस हें वाचून हसूं येईल. बलवानाच्या फाटकाशीं केलेली ही लबाडी आम्ही क्षम्य मानावी कीं काय, हें ठरवितां येत नाहीं. मात्र दुबळ्याशीं तशी लबाडी करण्यास आधार नाहीं, इतकें स्पष्ट आहे.

आपल्याकडेहि असें काम झालें आहे. मुंबईचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनीं महापालिकेच्या सफाई कामगारांचीं चित्रें घेतलीं, तीं दुरून नव्हे. ते गटारांपाशीं व कचऱ्याच्या ढिगांवर त्यांच्याबरोबर गेले. त्यांस २०१६ सालीं पद्मश्री मिळाली.

कथा कोणी सांगावी हा या विषयाचा खरा गाभा होय. आमच्या ओळखीच्या एका आजींचें चित्र घेण्यास एक तरुण आला. त्याला त्यांच्या हातीं कोयता हवा होता. आजी म्हणाल्या, "बाबा, कोयता राहूं दे. चाळीस वर्सं त्योच बघितला लोकांनीं." त्या आंत गेल्या, लेकीच्या लग्नांतलें लुगडें नेसून आल्या व नातीला जवळ घेऊन बसल्या. तरुण थोडा हिरमुसला. आमच्या मतें त्या दिवशीं त्याला अधिक चांगलें चित्र मिळालें, कारण कोयत्याची कथा त्याला अगोदरच ठाऊक होती, आजींची नव्हती.

नांव लिहावें हें खरें, तरी तें सर्वदा लिहावेंच असें नाहीं. २०१९ सालीं या जिल्ह्यांतील ऊंसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची वार्ता देशभर पसरली व सरकारनें चौकशी समिति नेमली. अशा दुःखांत एखादी बहीण बोलण्यास तयार असली तरी चेहरा दाखविण्यास तयार असेलच असें नाहीं. तेव्हां पदराआडचा हात किंवा पाठमोरी आकृति पुरे. तीहि नको म्हणाली तर फोन खिशांत ठेवावा व नुसतें ऐकावें.

आणि आमच्या उपदेशकांस एक विनंती. कागदावरची प्रत थोडक्या पैशांत निघते. ती टोळी गाडींत बसण्यापूर्वीं त्या घरीं पोंचवावी. 'पुढें पाठवितों' असें म्हणूं नये. लँगबाईंनीं प्रत पाठविण्याचें कबूल केलें होतें, ती कधींच आली नाहीं, असें थॉम्पसनबाई सांगत.